टोकाची जागा

गार्थ ट्रँटरला त्या रविवारी उशीर झाला, तो त्याच्याच कर्माने. लग्न झाल्यापासून त्याची शर्यतीची बॅग बायको भरत आली होती. या वेळी पहिल्यांदाच ती त्याला स्वतः भरावी लागली, आणि गॉगल कुठे, मोजे कुठे, व्हॅसलीनची डबी कुठे, असं करत घर पालथं घालण्यात त्याची सकाळ गेली. बायको, म्हणजे लिओनी, आपल्या सायकलवर बसून केव्हाच निघून गेली होती. आज तिलाही शर्यतीत उतरायचं होतं, आयुष्यात पहिल्यांदा, आणि तेही सत्तावन्नाव्या वर्षी.

मरूंबा बे या समुद्रकाठच्या गावातली शर्यत वसंतात होते. आधी खाडीत पोहायचं, मग सायकलने पुलापलीकडे दीपगृहापर्यंत जाऊन यायचं आणि शेवटी किनाऱ्याने पळायचं. पाण्यातून सायकलवर आणि सायकलवरून पायांवर यायचं ते कुंपण घातलेल्या एका हिरवळीवर. तिथे सायकली टांगायला लोखंडी दांडे रांगेने लावलेले असतात. त्या जागेला सगळे ट्रान्झिशन म्हणतात. तिथे पहिला येईल त्याची जागा, अशी रीत. टॉवेल अंथरला की जागा तुमची. मरूंबाच्या क्लबात एखाद्याने बायको सोडली तर दोन आठवड्यांत लोक विसरतात, पण दुसऱ्याची सायकल हलवणाऱ्याला तिथे कुणी बिअर विचारत नाही.

लिओनीला दांड्याच्या टोकाची, निलगिरीच्या झाडाखालची जागा हवी होती. कारण साधं होतं. चष्मा काढला की तिला हातभर अंतरावरचा माणूस ओळखू येत नसे, आणि चष्मा घालून पोहता येत नाही. तेव्हा पाण्यातून यायचं, झाडाचा मोठा काळा डाग दिसला की तिकडे धावायचं आणि टोकाच्या सायकलवर ठेवलेल्या हेल्मेटमधून चष्मा उचलायचा, असा तिचा बेत होता. अख्खा हिवाळा तिने परसात कपडे वाळत घालायच्या दांड्याला सायकल टेकवून त्याची तालीम केली होती. अंगाला चिकटलेला रबरी वेटसूट सोलायचा, चष्मा घालायचा, हेल्मेटचा पट्टा लावायचा आणि मगच सायकलला हात लावायचा. गार्थ ओट्यावर बसून हसायचा. "राणी, तू काय ऑलिंपिकला चालली आहेस?"

ती तालीम पुन्हा पहिल्यापासून करायची. ती गेली कित्येक वर्षं कुंपणाबाहेर त्याचा टॉवेल धरून उभी राहत होती. आज लवकर येऊन तिने टोकाला टॉवेल अंथरला होता; आत तिची जागा होती, आणि ती तिला कुणाकडून मागून मिळालेली नव्हती.

नवख्या बायकांची तुकडी सगळ्यात आधी पाण्यात सोडली. लिओनीने दोनदा खारं पाणी गिळलं, एकदा कुणाची तरी लाथ खाल्ली, पण आली बाहेर. आत कुठेतरी हसू फुटत होतं. निलगिरीचा काळा डाग दिसला. ती धावत टोकाशी पोचली आणि तिने हात पुढे केला.

हाताला कार्बनची गुळगुळीत, थंड सायकल लागली. ही तिची नव्हती. तिने वाकून, नाक टेकेल इतकं जवळ जाऊन पाहिलं. हँडलवर गार्थचा नंबर होता.

क्षणभर तिला वाटलं, आपणच चुकलो. तिचा स्वभावच तो. काही बिघडलं की आधी स्वतःला तपासायचं. ती पुढच्या रांगेत गेली, मागच्या रांगेत गेली. एकेक सायकल चाचपत, लोकांच्या टॉवेलांना अडखळत, माफी मागत फिरली. बाजूने बायका येत होत्या, सायकली काढून जात होत्या. दीपगृहाचा रस्ता शर्यतीसाठी बंद होता, पण नऊ वाजता पूल गाड्यांसाठी उघडणार होता. तोवर जो परत येणार नाही त्याला व्हॅनमध्ये बसवून आणतात. पहिल्याच शर्यतीत व्हॅनमधून परत यायचं, या विचाराने ती आणखी घाईने चाचपू लागली.

"लिओ!" मागून फिलोमेना ओरडली. खाटकाचं दुकान चालवणारी फिलो तिच्याच तुकडीत होती आणि आत्ता कुठे पाण्यातून बाहेर आली होती. "अगं, तिकडे काय शोधतेस? तुझी संडासांजवळ आहे. गार्थने हलवली ना सकाळी. मला वाटलं, तुमचं ठरलंय."

"ठरलं नव्हतं," लिओनी म्हणाली.

"मग मेला तो," फिलो म्हणाली आणि आपल्या सायकलकडे पळाली.

सायकल खरोखरच संडासांजवळ होती, शेवटच्या रांगेत, दोन सायकलींच्या मध्ये कोंबलेली. टॉवेल चुरगळून खाली टाकला होता. लिओनीने चष्मा घातला, आणि जग स्पष्ट झाल्याबरोबर तिला राग आला. असा राग तिला पूर्वी कधी आला नव्हता. तिच्या वाढदिवसाला तो मासे पकडायला गेला तेव्हा नाही, तिची आई वारली त्या आठवड्यात तो शर्यतीला गेला तेव्हाही नाही. हेल्मेटचा पट्टा तिने इतक्या रागाने ओढला की खटका बसेना.

"आधी पट्टा, मग सायकल," शेजारी उभी असलेली पंच रोंडा हळूच म्हणाली. "सावकाश कर बाई. कुणी हलवली तुझी सायकल?"

"नंतर सांगते. मला जायचंय."

त्याच्या मनात वाईट काही नसणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्यानेच ती जास्त पेटली. तो आला असणार, चांगली जागा शिल्लक नाही हे पाहिलं असणार, टोकाला बायकोची सायकल दिसली असणार. आपल्याच घरची आहे, हिला कुठे जिंकायचंय, असं म्हणून त्याने ती उचलली असणार. चष्मा त्याला आठवलाच नसणार. तीस वर्षं जिच्या शेजारी झोपतो तिला चष्म्याशिवाय दिसत नाही, हे त्या माणसाला आठवलं नाही.

ती पुलावरून गेली ती दात ओठ खात. घरट्यापाशी कुणी आलं की झेपावणाऱ्या एका मॅगपाय पक्ष्याने हेल्मेटवर चोच मारली, तर तिने त्यालाही चार शिव्या हासडल्या. दीपगृहाला वळसा घालून परत फिरली तेव्हा मागून सूं सूं आवाज आला. गार्थ. त्याची तुकडी उशिरा सुटली होती, पण तो वाऱ्यासारखा होता.

"छान चाललंय राणी!" तो बाजूने जाताना म्हणाला. "अगं, सायकलचं तेवढं मनावर घेऊ नकोस हं, घाई होती!"

मांड्या भरून आल्या होत्या, तरी तिने वेग वाढवला. पुलाच्या तोंडाशी व्हॅन उभी होती आणि एक माणूस अडथळे उचलायच्या तयारीत होता. तिला पाहून तो थांबला, त्याने हाताने ये ये केलं, आणि ती गेल्यावर त्याने रस्ता उघडला.

ट्रान्झिशनमध्ये तिने सायकल संडासांजवळच टांगली, मग पट्टा सोडला, बूट बदलले. यातलं काही चुकलं नाही. पळायला लागली तर पाय लाकडाचे, पण ती पळत राहिली. समोरून गार्थ परत येत होता. या वेळी त्याने वेग कमी केला.

"हे बघ, त्या फिलोने रोंडाच्या कानात काहीतरी घातलंय," तो धापा टाकत म्हणाला. "ती विचारेल तुला. सांग की तूच म्हणालीस, हलव म्हणून. काय? नाहीतर बाद करतील मला, आणि राज्याच्या संघाची निवड आहे आज. समजतंय ना?"

"पळ तू," ती म्हणाली.

बाकीचं अंतर ती जवळपास चालत गेली. डोक्यात एकच चाललं होतं. सांगून टाकावं, मीच म्हणाले होते. त्यात काय? अशा शेकडो गोष्टी तिने आजवर आपल्या अंगावर घेतल्या होत्या. त्याचा उशीर, त्याचं विसरणं, त्याची तिरसट उत्तरं. लोकांनी विचारलं की ती म्हणायची, माझंच चुकलं. तिला ते इतकं सवयीचं झालं होतं की शब्द आत्ताही तोंडात तयार होते.

शेवटच्या कमानीखालून ती गेली तेव्हा टाळ्या वाजवायला मोजकीच माणसं उरली होती. बाकीचे पावात घातलेले सॉसेज खात उभे होते. आणि कठड्याशी, पाण्याची बाटली उघडून हातात घेऊन, गार्थ उभा होता.

गार्थ कधी कुणासाठी थांबत नसे. शर्यत संपली की तो सरळ क्लबच्या तंबूत जायचा. त्याला असं बाटली धरून उभं पाहिलं आणि लिओनीला बरं वाटलं. क्षणभरच, पण खरोखर बरं वाटलं. मग त्याच्या शेजारी रोंडा दिसली, आणि तो का थांबलाय ते तिला कळलं. आपल्याला बरं वाटलं याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

"केलंस की गं," गार्थ म्हणाला आणि त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "हां, रोंडाला एक छोटंसं विचारायचंय. सांगून टाक."

"लिओनी," रोंडा म्हणाली, "सायकल त्याने तुला विचारून हलवली का? तू हो म्हणालीस तर विषय संपला. नाही म्हणालीस तर मला त्याला बाद करावं लागेल."

लिओनीने खांद्यावरचा हात बाजूला केला. चष्म्यावर घाम आला होता, तो तिने पुसला.

"नाही," ती म्हणाली. "मला कुणी विचारलं नाही. मी चष्म्याशिवाय लोकांच्या सायकली चाचपत फिरत होते."

गार्थचा चेहरा उतरला. चष्मा आता कुठे त्याच्या लक्षात आला होता, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. "एवढ्याशा जागेसाठी?" तो म्हणाला. "माझं वर्ष वाया घालवलंस लिओनी. एवढ्याशा जागेसाठी?"

"एवढीशीच होती ना?" ती म्हणाली. "मग माझी कशाला घेतलीस?"

रोंडाने त्याचा नंबर लिहून घेतला. गार्थने बाटली अजून पुढेच धरली होती. लिओनी त्याला वळसा घालून नळावर गेली आणि ओंजळीने पाणी प्यायली.