कोशातला रानओवा

आयुष्यात मी एकदाच ठामपणे वागलो, आणि त्याची शिक्षा शेजारच्या प्रियंकाला झाली.

मी निवृत्त मुद्रितशोधक. मरोळच्या एका छापखान्यात एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. माझ्या स्वतःच्या न शोधताच सापडतात. वीसेक वर्षांपूर्वी आमच्याकडे वनस्पतींच्या नावांचा एक छोटा कोश छपाईला आला होता. 'वाइल्ड थाइम'समोरची जागा कोरी होती. संपादक गावी गेलेले, मशीन खोळंबलेलं. थाइम मी पाहिलं नव्हतं, पण त्याला ओव्यासारखा वास येतो असं कुठेतरी वाचलं होतं. वाइल्ड म्हणजे रान. मी पेन्सिलीनं लिहिलं, 'रानओवा'. तसंच छापलं गेलं. पुढे आठवडाभर मी मराठी भाषेचा उपकारकर्ता असल्यासारखा चालत होतो.

यंदा प्रियंकाला कॉलेजात प्रकल्प मिळाला: रानटी थाइममधलं फ्लेवोनॉइड, म्हणजे पानातलं एक औषधी द्रव्य, मोजायचं. "काका, थाइमला मराठीत काय म्हणतात?" तिनं विचारलं. मी कपाटातून कोश काढून दिला. तो शब्द कुणाचा, हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं विश्वास ठेवला नसता.

तो शब्द घेऊन ती गोराईला मैत्रिणीच्या आजीकडे गेली. आजीनं विहिरीमागे माजलेली झुडपं दाखवली. प्रियंकानं पिशवीभर पानं आणली, वाळवली, मिक्सरमधून काढली. कॉलेजातल्या मॅडमनी पाहिली ती फक्त पावडर.

रविवारी दुपारी तिच्या आईनं, राधाताईंनी, मला भजी खायला बोलावलं. प्रियंका वहीत डोकं खुपसून बसली होती.

"काय गं, झालं काय?"

"वाट लागली, काका. उद्या सेमिनार. अर्कात केमिकल टाकलं की पिवळा रंग येतो. फ्लेवोनॉइड जास्त, तर रंग गडद. माझा फिकाच येतो. पुस्तकातल्या आकड्याच्या पाव पण नाही. तीनदा केलं."

"मशीन बिघडलं असेल," राधाताई म्हणाल्या.

"बाकीच्यांचं बरोबर येतं ना, आई! माझा हातच खराब आहे. मॅडमना सांगून टाकते, मला लॅब जमत नाही. एमएस्सीचा फॉर्म पण नाही भरत."

हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. एरवी ते माझ्या तोंडी असतं. मी चौथं भजं उचललं. "छान झालीत. कसली?"

"तुमच्याच रानओव्याची," राधाताई म्हणाल्या. "पानं उरली होती."

परातीत एक पान राहिलं होतं. जाड, लवदार, खोकल्याच्या काढ्यात घालतात ते.

"अगं, हा तर पानओवा."

"मला पण तसंच वाटलेलं. आपल्या कुंडीतल्यासारखाच दिसतो. पण कोशात छापलंय ना, काका!"

चष्मा घेऊन येतो, असं सांगून मी उठलो. चष्मा डोळ्यांवरच होता. घरी येऊन फोनवर जन्मात पहिल्यांदा थाइमचं चित्र पाहिलं. पान तांदळाच्या दाण्याएवढं. मग चिठ्ठी लिहून त्यांच्या दाराखालून सरकवावी, असं ठरवलं. 'माझ्याकडून अनवधानाने' इथपर्यंत आलो आणि अडलो. अनवधान नव्हतंच ते. पेन्सिलीला टोक करून लिहिलं होतं.

परत गेलो. राधाताईंनी भजी पुढे केली. मी उभाच राहिलो.

"प्रियंका, तुझा हात चांगला आहे. शब्द खोटा आहे. तो मी घुसडला."

"कोशात?"

"कोशात."

"काका! तुम्ही?" तिच्या आवाजात रागापेक्षा आश्चर्य जास्त होतं, आणि ते मला थोडं लागलंच. "अजून किती घुसडलेत?"

"एवढाच," मी म्हणालो. आणखी एक होता, पण तो माशाचा.

ती वही चाळू लागली. "म्हणजे माझी रीडिंग बरोबर आहेत?"

"तिन्ही वेळा सारखीच आली ना?"

"सेम टू सेम, यार!"

मला आजवर कुणी यार म्हटलेलं नव्हतं.

तिनं लगेच मॅडमना फोन लावला. मॅडम इतक्या मोठ्यानं रागावल्या की आम्हा दोघांनाही ऐकू आलं: झाड न ओळखल्याचे मार्क जाणार, पण जे मोजलंस ते खऱ्या नावानं उद्या मांड. प्रियंकानं नवं पान काढून शीर्षक लिहिलं, 'पानओव्यातील फ्लेवोनॉईडचे मापन', आणि वही माझ्यापुढे सरकवली.

"शुद्धलेखन बघा."

"फ्लेवोनॉइडमधला इ ऱ्हस्व हवा. पेन्सिल दे."

"नको," ती म्हणाली. "तुम्ही नुसतं सांगा."