सात जणांचं वजन

आमच्या बाच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते बाहेर काढायला जेसीबी लागतो. या वेळी शिरले ते स्प्रिंग. आमची सात सीटर गाडी जुनी. माणसं भरली की तिचं बूड खाली बसतं आणि ढाणकीच्या वाटेवर दर ब्रेकरला घासतं. उद्या तिकडच्या तांड्यावर माझ्या सोयरिकीचा गूळ वाटायला पंचांना घेऊन जायचं होतं, आणि सोयऱ्यांच्या दारात घासत जाणं बाला पटेना. त्यानं नागपूरहून कडक स्प्रिंग मागवले आणि पंचांसह खरेदीला निघालेल्या सगळ्या मंडळींसकट गाडी आर्णीला पिंटू मिस्त्रीच्या गॅरेजातल्या खड्ड्यावर उभी केली.

गुळाचं सांगून टाकते. आमच्या तांड्यात दोन्हीकडच्या पंचांनी गूळ खाल्ला की सोयरीक पक्की. मग ती मोडणं म्हणजे अख्ख्या तांड्याशी वाकडं. आणि मला ती नको होती. यवतमाळला माझं नर्सिंगचं शेवटचं वर्ष राहिलं होतं, अन् कॉलेज बंद, असं पोराकडच्यांनी साफ सांगितलं होतं. पोरगा वाईट नव्हता. पण मला वॉर्डात उभं राहायचं होतं. सकाळीच याडीला, म्हणजे आईला, रडून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बोलतो मी तुह्या बासंग, आज रातच्याला." त्या एका रात्रीच्या भरवशावर मी गाडीत बसले होते.

स्प्रिंग बसले. रिकामी गाडी मागून उंच झाली, दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखी. पिंटू खड्ड्यातून म्हणाला, "आता रबराचे बोल्ट टाइट करणं राह्यले. रिकामी असतानी टाइट केले तं माणसं बसल्यावर रबर पिळते अन् फाटते. उद्या जेवढं वजन राहीन तेवढं आत ठेवा, मंग कसतो."

दुसऱ्या कोणी सोयाबीनची पोती टाकली असती. बाला कुठलं सुचायला! त्यानं पंचच बसवले. पुढे तो स्वतः आणि आमच्या तांड्याचे नायक धरमसिंगकाका, मधे तीन पंच, तिघेही भरदार, आणि मागे याडी नि मी. मागच्या सीटला दार नसतं, मधली सीट पाडली तरच बाहेर पडता येतं. "आता कोणी हलू नका," पिंटू खालून ओरडला. "हलले तं सारं बिघडते."

पत्रा तापला होता. तंबाखूचा वास, गुडघे पुढच्या सीटला टेकलेले. जीव नुसता घुसमटला होता. त्यात काकांना गप्प बसवेना. ते बाला म्हणाले,

"काहून रे फुलचंद, पंच तं सारे इथंच बसले. उद्यापर्यंत थांबायचं कायले?"

त्यांनी फोन लावला, तोही स्पीकरवर. पलीकडून सोयरे हसले. "आमचेबी पंच घरीच हायेत. इकडं आम्ही खातो, तिकडं तुम्ही खा. उद्या मंग जेवणच करू!" बा तर खुशीत हॉर्नच वाजवणार होता.

मी याडीकडे पाहिलं. ती पदर सारखा करत बसली.

"जया," काका म्हणाले, "मांगचा गुळाचा डबा दे वं इकडं."

उद्यासाठी घेतलेला तो डबा माझ्या पाठीमागेच होता. मी तो मांडीवर ओढला आणि झाकणावर दोन्ही हात दाबून धरले.

"नाही देत. मले नाही करायची ही सोयरीक. माहं वर्ष राह्यलं अजून."

बा आरशातून माझ्याकडे पाहत राहिला. "खाली उतर, मंग सांगतो तुले," तो म्हणाला. पण उतरणार कोण? कोणालाच हलता येत नव्हतं. मला एकदम बरं वाटलं. अडकलात ना? मग ऐका! माझी फी आजवर कशी भरली, परीक्षा कधी आहे, कोणी एका शब्दानं मला विचारलं का, सगळं बोलून घेतलं. पंच पुढच्या काचेतून बाहेर बघत होते.

काकांनी याडीकडे मान वळवली. "लालीबाई, तुले माहीत होतं का हे?"

मी याडीचं मनगट धरलं. "याडी, सांग ना."

"नाही जी," याडी म्हणाली. "मले काहीच माहीत नाही."

मग तिनं माझी बोटं झाकणावरून सोडवली. जोर नाही लावला, अगदी हळू सोडवली. डबा उचलला आणि पुढे दिला.

"झालं, उतरा!" पिंटू ओरडला. "मस्त बसली गाडी."

मधले पंच उतरले. सीट पाडून याडी उतरली. मी उठायच्या आत बानं सीट परत लोटली. "तू बस थोडी," म्हणाला आणि दार लावलं. वजन उतरलं तशी गाडी मागून वर आली, माझ्यासकट. बाहेर पडून तरी मी कुठं जाणार होते? टिनाच्या सावलीत डबा फिरत होता, काका पिंटूलाही खडा देत होते.

मागची काच उघडत नाही. याडी तिच्यापाशी आली. तिचे डोळे लाल होते, चिमटीत गूळ होता. तो तिनं काचेपलीकडून माझ्या तोंडासमोर धरला, आणि लहानपणी औषध पाजताना करायची तसं आधी आपलंच तोंड उघडून दाखवलं.