कपाटातला अर्धा तास

मला धीर म्हणून नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. आणि नशिबानं प्रयोगशाळेत काम मिळालं ते वाट बघायचं.

समुद्री शेवाळाचा अर्क जांभळ्या द्रावणात घालायचा आणि नळ्या अर्धा तास अंधाऱ्या कपाटात ठेवायच्या. अर्कात अँटिऑक्सिडंट असेल तर जांभळा रंग जाऊन पिवळा होतो. उजेडानंही तो हळूहळू उडतो, म्हणून मधे कपाट उघडायचं नाही. माझा दादा पाणबुड्या आहे. त्यानं बुड्या मारून आणलेल्या प्रत्येक शेवाळाची नळी आजवर जांभळीच राहिली होती. आमचे विभागप्रमुख सर सकाळीच म्हणाले, "हा शेवटचा नमुना. नाही जमलं तर समुद्राचं काम बंद." या कामात माझा जीव अडकलेला होता.

नमुना होता खडकाखालचं तपकिरी शेवाळ. मासेमारी करणारे ते वाटून जखमेवर लावतात, असं दादानं ऐकलं होतं.

मला राहवेना. मी कपाटाचं दार बोटभर उघडलं. नळी पिवळी झाली होती. मी किंचाळलेच, आणि नेमके सर दारात.

"डोकावलीस ना? मग उजेडानं उडाला असेल रंग."

मी तडकले. "शेजारच्या नळीत नुसतं द्रावण आहे, सर. उजेड तिलाही लागला. ती बघा, जांभळीच आहे."

"अर्कच पिवळा असेल."

"नुसता अर्कही ठेवलाय. पाण्यासारखा दिसतोय."

सरांनी तिन्ही नळ्या खिडकीशी धरून पाहिल्या. "पुन्हा कर. या वेळी किल्ली माझ्याकडे."

नळ्या पुन्हा कपाटात गेल्या. मी दादाला फोन केला. तो ओल्या केसांनीच धावत आला. मला आनंदानं हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती. मी येरझाऱ्या घालायला लागले.

"चिमणे, बस एका जागी," दादा म्हणाला. "नाहीतर खुर्चीला बांधीन." त्याचा स्वतःचा पाय मात्र सारखा हलत होता.

तेवढ्यात कुलूप उघडल्याचा आवाज आला. वळून बघते तर सर कपाटात डोकं घालून उभे.

"सर, अर्धा तास व्हायचाय अजून."

डोकं बाहेर न काढताच ते म्हणाले, "भावाला विचार, हे शेवाळ आणखी मिळेल का."

विचारायला वळले, तर दादा जिना उतरायलाही लागला होता.