पाठीमागची बोटं

कारखान्यात ह्यांना सगळे भोवरा म्हणतात. म्हणू देत. गेल्या हंगामापर्यंत हे बॉलिंगला आले की रस्त्यावरून सायकलने जाणारी माणसंसुद्धा एक पाय टेकवून कुंपणाशी थांबायची. तसं बघितलं तर त्यात बघण्यासारखं काय होतं? वेगवान बॉलर लांबून धावत येतो, स्टंप उडवतो, त्यात कुणालाही मजा वाटेल. आमचे हे चार पावलं टाकणार आणि चेंडू अलगद वर सोडणार, शेजारणीकडे किल्ल्यांचा जुडगा टाकावा तसा. पण तो चेंडू हवेत असताना सगळ्या मैदानाला शंका यायची. हा बाहेर वळणार की आत येणार? बॅट्समनला शंका, अंपायरला शंका, चहावाल्याला शंका. बॉलर बघावासा वाटतो तो त्या शंकेपायी, असं माझं ठाम मत आहे, आणि ज्यांना ते पटत नाही त्यांनी खुशाल फास्ट बॉलर बघावेत.

शंका नसायची ती मला एकटीला. हे धावताना चेंडूचा हात पाठीमागे नेतात, त्यामुळे समोरच्याला काही दिसत नाही. मी मात्र ह्यांच्या बरोब्बर मागे, सीमारेषेवरच्या पांढऱ्या पडद्याला लागून खुर्ची टाकते. मैदान एवढंसं, आणि माझी नजर सुईत दोरा ओवणारीची. चेंडू बाहेर वळणार असेल तर पाठीमागची बोटं गप्प असतात. गुगली असेल, म्हणजे बाहेर जातोय असं भासवून आत येणारा, तर तिसरं बोट चेंडूच्या शिवणीवरून हळूच सरकतं. हे मला कुणी शिकवलेलं नाही. घरामागच्या बोळात ह्यांची गुगली जमेपर्यंत चेंडू अडवत मीच उभी होते, नडग्या काळ्यानिळ्या करून घेत.

या हंगामात मात्र भलतंच सुरू झालं. गुगलीचा टप्पा पडायच्या आत बॅट्समन तयार! एक पाय पुढे, बॅट वर, आणि चेंडू कुंपणापार. एकदा झालं तर नशीब म्हणावं. दर रविवारी तेच व्हायला लागलं, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. कुठेतरी पाणी मुरत होतं. कुणीतरी आतली बातमी बाहेर देत होतं.

हा नुसता खेळ असता तर मी सोडून दिलं असतं. पण खेळाडू म्हणून ह्यांना स्टोअरमध्ये बसायचं काम मिळालेलं. संघाचे कप्तान म्हणजे स्टोअरचे साहेबच. संघातून नाव गेलं की परत भट्टीवर. भट्टीवर होते तेव्हा हे घरी येऊन जिन्याच्या मधल्या पायरीवर बसायचे आणि खोकून खोकून लाल व्हायचे. ते दिवस मला पुन्हा नको होते.

म्हणून मी डोळ्यात तेल घालून एकेकाकडे बघायला लागले. आधी विकेटकीपर. फार साळसूद माणूस, पण त्याला स्वतःलाच गुगली कळत नाही, अर्धे चेंडू पायामधून सोडतो. मग राहिला माझा धाकटा दीर. गेल्या वर्षापर्यंत तोच ह्यांच्यासाठी कीपिंग करायचा. कप्तानाशी वाजलं, आणि तडक एसटी डेपोच्या संघात गेला. ह्यांचं सगळं जाणणारा, आणि आता समोरच्यांचं मीठ खाणारा. आणखी काय पुरावा हवा?

एका संध्याकाळी तो आला आणि चहा घेता घेता म्हणाला, "वहिनी, दादाचं यंदा जरा बिनसलंय, नाही?"

"तुम्हालाच ठाऊक, भावजी."

"मला? मला काय ठाऊक?"

"घरातलं बाहेर कोण बोलतं ते. मला विचारू नका, मी आपली शर्टांना काजं करणारी बाई."

त्याने माझ्याकडे बघितलं. अर्धा चहा तसाच ठेवून निघून गेला. चोराच्या मनात चांदणं, मी म्हटलं आणि कप विसळून टाकला.

त्याहून संशयास्पद वागणं ह्यांचं होतं. मार खाऊन घरी यायचे आणि तोंडात मूग गिळून बूट पुसत बसायचे. एकदा मी सरळच विचारलं.

"अहो, कोण सांगतं ते तुम्हाला कळलंय ना?"

"कळलंय."

"मग?"

"असू दे."

"असू दे? भावजीच ना?"

"नाही गं. त्याच्यावर उगाच आळ घेऊ नकोस."

"मग कुणाला पाठीशी घालताय?"

हे चक्क हसले. नवरा कुणाला तरी पाठीशी घालतोय आणि वर हसतोय, म्हटल्यावर बायकोच्या डोक्यात काय येईल? सामना कुणाचाही असो, रन लिहायला डेपोतली एक बाई येते. मोकळे केस, बारीक आवाज, आणि षटकार गेला की टाळ्या. पुढचे दोन रविवार मी चेंडू कमी आणि तिला जास्त बघितलं. ती बिचारी सगळा वेळ मान खाली घालून रन लिहीत होती, आणि तेही चुकीचे. तिच्यावरचा संशय मला नाइलाजाने सोडावा लागला.

मग हंगामाचा शेवटचा सामना आला, डेपोशीच. मी खुर्ची टाकली, मांडीवर शाळेच्या शर्टांचा ढीग घेतला. शिंप्याकडून मी काजांचं काम आणते आणि मैदानावर करते. हात रिकामे असले की मला बघता येत नाही. कप्तान ह्यांच्या हातात चेंडू देताना मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "भोवरा, आजही मार बसला तर मी काही करू शकणार नाही. उद्यापासून भट्टी."

ह्यांनी मान हलवली. मी सुईत नवा दोरा ओवला.

आधी समोर आला दीरच. मान खाली, नजर खेळपट्टीवर, एकदासुद्धा वर बघेना. ह्यांचं बोट सरकलं, गुगली पडली, आणि दिराचा मधला स्टंप आडवा. मैदान ओरडलं. मी नाही ओरडले. मी म्हटलं, बघा कसा मुद्दाम आऊट झाला, आपल्यावरचा संशय जावा म्हणून!

मग आला डेपोचा एक ड्रायव्हर, ताडमाड उंच, त्याला लंबूच म्हणतात. पहिला चेंडू त्याने सोडला. दुसरी गुगली होती, ती त्याने कुंपणाबाहेर फेकून दिली. चेंडू शोधून आणेपर्यंत तो बॅटवर रेलून उभा राहिला, आणि मला वाटलं, हा पडद्याकडे का बघतोय? हे पुन्हा धावले. पाठीमागे बोट सरकलं. लंबूने ह्यांच्या हाताकडे बघितलंच नाही. त्याने ह्यांच्या खांद्यावरून थेट माझ्याकडे बघितलं आणि पाय पुढे टाकला. चेंडू माझ्या डोक्यावरून गेला.

मी माझ्या हाताकडे बघितलं. सुई हवेत होती. दोरा ताणलेला, हात खांद्याशी, थांबलेला.

एरवी माझा हात सारखा वरखाली होत असतो. पण बोट सरकलेलं दिसलं की माझा श्वास अडकतो, आणि श्वासाबरोबर हातही. मला हे कधी कळलंच नव्हतं. पांढऱ्या पडद्याच्या शेजारी, पांढरे शर्ट मांडीवर घेऊन, दर रविवारी मी अख्ख्या मैदानाला बातमी देत होते. जिला शोधत मी घरोघरची माणसं तपासली ती घरभेदी मीच होते! दिराचा अर्धा चहा आठवला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उठून जावं असं वाटलं. पण मी गेले असते तर लंबूला संशय आला असता. मी बसून राहिले. पुढच्या चेंडूला बोटं गप्प होती. मी लंबूच्या डोळ्यांवर डोळे ठेवले आणि मुद्दाम हात थांबवला. तो आत येणाऱ्या चेंडूसाठी पुढे आला, चेंडू बाहेर वळून गेला, आणि आमच्या त्या कीपरनेसुद्धा या वेळी चेंडू धरला. स्टंपिंग! त्यानंतर मला चेवच चढला. गुगली आली की मी भराभर टाके घालायची, साधा चेंडू असला की हात हवेत. एकेक जण येत होता, माझ्याकडे बघत होता आणि फसत होता. त्या शर्टाची काजं इतकी वेडीवाकडी झाली की शिंप्याने ती नंतर उसवायला लावली. पण डेपो गारद झाला. कप्तानांनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "स्टोअरचं कुलूप उद्या तूच उघड."

घरी जाताना ह्यांनी माझी खुर्ची खांद्यावर घेतली. बाजार ओलांडल्यावर हे म्हणाले, "आज तुझा हात भलत्याच वेळी थांबत होता."

मी रस्त्यातच उभी राहिले. "तुम्हाला माहीत होतं?"

"भावाने सांगितलं होतं, सुरुवातीलाच. डेपोवाले वहिनीकडे बघून खेळतात म्हणाला. त्याला मीच बजावलं, तुला सांगायचं नाही."

"आणि भट्टी? भट्टीवर गेला असतात म्हणजे?"

हे थोडं चालून म्हणाले, "ते राहू दे. लंबूला काढला तो चेंडू कसा पडला ते सांग. मला वाटलं जरा जास्तच वळला."

"छान होता."

"छान म्हणजे? पडला कुठे?"

मी आठवायला लागले. लंबूचे डोळे आठवले. माझा हात आठवला. चेंडू काही केल्या आठवेना.

"मी बघितलाच नाही," मी म्हटलं.

"आणि शेवटची विकेट?"

"तीही नाही. त्यानंतर एकही चेंडू बघितला नाही. मी त्यांच्याकडे बघत होते."

ह्यांनी खुर्ची एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"म्हणूनच सांगितलं नव्हतं," हे म्हणाले.

खोकत खोकत भट्टीवर जायची तयारी होती या माणसाची, आणि कशासाठी, तर मी बघत राहावं म्हणून. मला इतका राग आला की भर रस्त्यात रडायलाच लागले.