बाटला खाली कर

सुकदेवची व्हॅन पेट्रोलवर झकास चालायची आणि गॅसवर त्याहून झकास. बंद पडायची ती फक्त एकावरून दुसऱ्यावर जाताना. स्टिअरिंगजवळ बसवलेल्या बटणाला तीन जागा होत्या: एका टोकाला पेट्रोल, दुसऱ्या टोकाला गॅस आणि मधे काहीच नाही. मधल्या जागेवर जरा थांबायचं, कार्बोरेटरमधलं उरलंसुरलं पेट्रोल जळू द्यायचं आणि मग बटण गॅसवर टाकायचं, असं गॅसचं किट बसवणाऱ्याने शिकवलं होतं. सुकदेवने ते इमानेइतबारे पाळलं. पण बटण मधल्या जागेवर आलं की व्हॅन दोन आचके द्यायची आणि भर रस्त्यात बसकण मारायची. एकदा राखोलीच्या पुलावर बसली, एकदा सुरंगीकडच्या चढावर, आणि एकदा कारखान्याचे साहेब आत असताना.

शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमाराची ही गोष्ट. अशा दोन तोंडांच्या गाड्या तेव्हा सिल्वासात पुष्कळ होत्या. मागच्या सीटच्या पाठीशी घरगुती गॅसचा लाल सिलिंडर पट्ट्याने आवळलेला असायचा. कायद्याला मान्य नव्हतं, पोलिसांना ठाऊक होतं आणि सगळे गुण्यागोविंदाने गप्प होते. त्या सिलिंडरला गावात सगळे बाटला म्हणत, कारण गुजरात्यांचा बाटलो तिथे मराठी तोंडात येऊन बाटला झाला होता.

सुकदेव मूळचा शिरपूरकडचा. घरात अहिराणी, शेठसमोर गुजराती, मजुरांशी हिंदी आणि कागदावर मराठी, असा त्याचा संसार होता. आपल्याला चार भाषा येतात याचा त्याला भारी तोरा. खरं म्हणजे चारही एकाच पातेल्यात शिजत होत्या. रोज सकाळी मजूर भरून आणलेली व्हॅन राखोलीच्या कारखान्याच्या फाटकाशी थांबवून तो ओरडायचा, "चला, गाडी खाली करा!" मराठी माणसं खाली उतरत, बाकीची गाडी रिकामी करत, आणि दोन्ही एकच असल्यामुळे कधी काही अडलं नाही.

त्याला दुसरं एक यायचं, ते म्हणजे मारणं. सूतगिरणीत असताना त्याने सुपरवायझरचा जबडा मोडला होता आणि नोकरी घालवली होती. त्यानंतर बायकोने, चंदाने, त्याला टोकरखाड्याच्या खोलीत देवापुढे बसवलं आणि त्याचा हात उचलून आपल्या धाकट्या भावाच्या, विकीच्या, डोक्यावर ठेवला. आई गेल्यावर तिनेच त्या भावाला वाढवलं होतं. ती म्हणाली, "आजपाइन कोनावर हात उचलशात, ते मना भाऊना जीवले लागी." विकी हसत होता. सुकदेव हसला नाही. कुणावर हात उचलणार नाही, अशी शपथ त्याने घेतली आणि ती इतकी वर्षं पाळली, कारण त्या पोरावर त्याचाही जीव होता. पुढे त्यानेच शब्द टाकून विकीला राखोली रस्त्यावरच्या डीलरच्या वर्कशॉपमध्ये चिकटवून दिलं.

आता त्याच वर्कशॉपमध्ये त्याची व्हॅन धूळ खात पडली होती.

त्याआधी त्याने स्वतः काय केलं नव्हतं? कार्बोरेटर खोलून धुतला. प्लग बदलले. गॅस जिथून इंजिनात जातो तो डबा भर उन्हात बर्फ धरत होता, म्हणून त्यावर चहाच्या टपरीवरून आणलेलं गरम पाणी ओतलं. शेवटी हात टेकून गाडी वर्कशॉपला नेली. तिथला सर्व्हिस इनचार्ज प्रसाद म्हणजे रत्नागिरीचा गोरटेला, टाय लावणारा तरुण. तो म्हणाला, "गाडीत काही दोष नाही. किटवाल्याकडे जा." वापीचा किटवाला म्हणाला, "किट एकदम बराबर, गाडीमां ज लोचो छे." सुकदेव चेंडूसारखा वापी-सिल्वासा फिरला. दर वेळी वर्कशॉपवाले गाडी ठेवून घेत, धुऊन परत देत आणि ती फाटकाबाहेर पडेपर्यंत शहाण्यासारखी चालत असे.

शेवटच्या खेपेला मात्र ती कित्येक दिवस आत होती. कारखान्याने मजूर आणायला दुसरी गाडी लावली, हे सुकदेवला त्या दुपारी कळलं. चंदाने त्याचा चेहरा पाहिला आणि दारातच अडवलं. "विकी तठेच शे," विकी तिथेच असल्याची तिने एवढीच आठवण दिली.

"माहीत आहे," तो म्हणाला आणि निघाला.

वर्कशॉपमध्ये व्हॅन पिटवर उभी होती. पिट म्हणजे गाडीखाली उभं राहून काम करता यावं म्हणून खणलेला लांबट खड्डा. त्यात विकी उतरला होता आणि वरचा पेट्रोलचा पाईप चाचपत होता. मेहुण्याची गाडी म्हणून तो जेवणाच्या सुट्टीतही तिच्या मागे लागला होता. व्हॅनच्या मागच्या दाराशी भिका होता. हा दादऱ्याकडचा गुजराती माणूस, पन्नाशीचा, कमी बोलणारा, सांगाल ते काम करणारा. सुकदेव आला की न सांगता चहा आणून द्यायचा.

"आज गाडी पाहिजे," सुकदेव म्हणाला.

"काका, तुम्हाला किती वेळा सांगायचं?" प्रसाद हातातलं पेन झाडत म्हणाला. "आत हा बाटला आहे तोवर आम्ही गाडीला हात लावणार नाही. वरून ऑर्डर आहे."

"मग इतके दिवस ठेवली कशाला?"

"तुम्ही सोडून गेलात म्हणून."

हे तो उद्धटपणे बोलला असंही नाही. कंटाळून बोलला. पण माणसाची कंटाळलेली नजर सुकदेवला शिवीपेक्षा झोंबायची. त्याचा डोळा भिंतीशी टेकलेल्या टॉमीवर गेला आणि ती लोखंडी पहार कधी हातात आली, ते त्यालाही कळलं नाही. डाव्या हाताने त्याने प्रसादचा टाय मुठीत धरला आणि त्याला व्हॅनच्या अंगावर आदळलं. प्रसादचं नाक फुटलं. पांढऱ्या शर्टावर रक्त उतरलं आणि खरं सांगायचं तर सुकदेवला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं हातातून वाहून जात होतं.

"बाटल्याचं कारण पाहिजे तुला? थांब. ए भिका! बाटला खाली कर!"

भिकाने विचारलं, "अहियां ज, भाई?"

"इथंच!"

"पण अहियां..."

"खाली कर म्हणतो ना! आत्ता कर, नाहीतर तुझंही डोकं फोडतो!"

भिकाने मान खाली घातली आणि व्हॅनच्या मागे वाकला. सुकदेवने प्रसादच्या पोटात गुडघा घातला. मागून जोराचा फुसफुस आवाज आला, पण सुकदेवच्या कानात त्याचंच रक्त वाजत होतं. पिटमधून विकी ओरडला, "दाजी! वास येतोय! दाजी, कुणीतरी..." तोवर सुकदेवने टॉमी उगारली होती. प्रसाद बाजूला लोळला. टॉमी पिटच्या लोखंडी कडेवर खणकन आपटली आणि ठिणगी उडाली.

गॅस जड असतो, तो वर जात नाही, खड्ड्यात उतरून बसतो. आधी निळी आणि मग पिवळी आग त्या खड्ड्यातून उभी राहिली आणि तिच्यात विकी होता.

सुकदेव आत उडी मारून गेला, हे लोकांनी नंतर सांगितलं. त्याला फक्त हातात आलेला शर्ट आठवत होता, आणि शर्टाबरोबर सुटून आलेलं जे काही होतं ते. विकीला वर ओढून पोत्यांत गुंडाळलं. त्याच्या डोक्यावर एक केस उरला नव्हता. ज्या जागी सुकदेवने शपथ घेताना तळवा ठेवला होता, तिथली कातडी लाल उघडी पडली होती. शेजारच्या प्लास्टिक कारखान्याची जीप आली आणि विकीला घेऊन दवाखान्याकडे सुटली. सुकदेव जीपमध्ये बसला नाही. त्याचं मारणं अजून संपलं नव्हतं.

कारखाना सोडून माणसं धावत आली होती, सगळ्या मुलखांची. प्रसाद भिंतीला टेकून नाकातलं रक्त पुसत, भिकाकडे बोट दाखवत सांगत होता, "ह्याने केलं! सुकदेवने बाटला उतरवायला सांगितला, मी माझ्या कानांनी ऐकलं. ह्या भिकाने उघडूनच टाकला!" आणि तो खोटं बोलत नव्हता. त्याने तेच ऐकलं होतं.

पहिला तडाखा सुकदेवनेच दिला. भाजलेल्या मुठीने त्याने भिकाच्या तोंडावर मारलं आणि भिका कोलमडला. मग गर्दीला कुणी थांबवायचं? लाथा पडल्या, लोखंडी पाने पडले, कुणाच्या हातात फॅनबेल्ट होता. भिका हात जोडून सुकदेवच्या पायाशी सरपटत आला. तोंडातल्या रक्तातून तो बोलला, "तमे ज कह्युं ने भाई. बाटलो खाली कर. में पूछ्युं पण. अहियां ज?"

खाली.

सुकदेवची मूठ हवेतच राहिली. त्याने सांगितलं होतं बाटला खाली उतरव. भिकाने ऐकलं होतं बाटला रिकामा कर. त्या बिचाऱ्याने दोनदा विचारलं होतं, इथेच का म्हणून, आणि दोन्ही वेळा सुकदेव त्याच्यावर खेकसला होता. रोज फाटकाशी ओरडायचा तोच शब्द.

सुकदेव भिकाच्या अंगावर आडवा पडला. आता बोलायला हवं होतं आणि सगळ्यांना कळेल असं बोलायला हवं होतं. भिकाला कळावं म्हणून असेल, की आयुष्यभर माफी शेठलोकांकडेच मागायची सवय म्हणून असेल, त्याच्या तोंडून गुजराती बाहेर पडली. माझा दोष आहे, माझा, असं त्याला सांगायचं होतं.

"मारो वांक छे!" तो सगळा जीव एकवटून ओरडला. "मारो! मारो!"

मागच्या रांगेतल्या नव्या पोरांना गुजराती कुठली यायला? त्यांना हिंदी येत होती. त्यांनी एकच शब्द ऐकला आणि ऐकला तसा केला. ज्याचा मेहुणा जळाला तोच सांगतोय म्हटल्यावर त्यांना आणखी कुणाला विचारायची गरज वाटली नाही. सुकदेवचं मनगट मोडलं, कपाळ फाटलं, पण त्याच्या अंगाखाली भिका पुरता झाकला जाईना. त्याचं डोकं बाहेर राहिलं होतं.

विकी वाचला. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी चंदाला तसं सांगितलं. भिका त्याच सकाळी, त्याच सरकारी दवाखान्यात, पलीकडच्या खोलीत वारला.

व्हरांड्यात त्याची बायको मणीबेन बसली होती. नवऱ्यासाठी भाकरी आणली होती, तो पितळी डबा मांडीवर तसाच होता. सुकदेव डोक्याला आणि हाताला पट्ट्या बांधून विकीकडे चालला होता. तिने त्याला भाजलेला, मार खाल्लेला पाहिलं आणि आपल्यातलाच एक समजून विचारलं, "मारा वरने कोणे मार्यो, भाई?"

माझ्या नवऱ्याला कुणी मारलं? लोकांनी मारलं, एवढं म्हणून पुढे जाता आलं असतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं. आतल्या दारात चंदा उभी होती. तिला कुणी काहीच सांगितलं नव्हतं.

"मारो वांक, बेन," सुकदेव म्हणाला.

इथे तो शब्द जिला कळायला हवा तिला नीट कळला. पुढचं सगळं त्याने सांगितलं, टायपासून पहारीपर्यंत, बाटल्यापासून शेवटच्या ओरडण्यापर्यंत. मणीबेन शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग उठली आणि तो पितळी डबा तिने त्याच्या तोंडावर हाणला. दात पडला. पुन्हा हाणला. भाकरी फरशीवर पडली. वॉर्डबॉय धावला, दोन बायका धावल्या. चंदा दारातून हलली नाही, ती नवऱ्याच्या हातांकडे बघत होती.

सुकदेवचे दोन्ही हात खाली होते.