गुणाजी आणि सत्तेचाळीस कलिंगडं

"म्हणजे हा पर्याय घेतला, तर ह्यांना कुणीही काढून टाकेल?" मालनकाकूंनी चष्मा काढून विचारलं.

"बदल करायची मुभा एकदा दिली की दिली, काकू. परत घेता येत नाही."

"मेल्या, परवाना आहे की कन्यादान?"

काळाचौकीत आमच्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या मालनकाकू पालिकेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या. स्वतः रचलेली शाब्दिक उदाहरणं त्यांना इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवायची होती. त्यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना, म्हणजे आपलं लेखन इतरांनी कोणत्या अटींवर वापरावं ते सांगणारा, निवडायचा होता, आणि मला टायपिंग येतं म्हणून चाळीने मला वकील ठरवलं होतं.

प्रत्येक उदाहरणात गुणाजी. गुणाजी सत्तेचाळीस कलिंगडं घेतो, गळक्या टाकीत पाणी भरतो, ताशी सहा किलोमीटर वेगाने वरळीला निघतो. गुणाजी म्हणजे काकूंचे यजमान. प्रत्यक्षात काका बायकोला विचारल्याशिवाय अर्धा किलो कांदे आणत नसत. त्यांचं नाव काकूंनी कधी तोंडाने घेतलं नाही. लिहिलं मात्र हजार वेळा. गेल्या वर्षी काका वारले. टाकी अजून भरतेच आहे.

"मग 'बदल करू नये' लावूया," मी म्हणालो. "आणि 'धंदा करू नये'पण. क्लासवाले गप."

"आणि लालबागचा झेरॉक्सवाला? पोरांना प्रती विकेल, तोही चोर? विकू दे."

"आणि बदल?"

काकू चष्मा पुसायला लागल्या. खाली नळावर भांडण चाललं होतं. ते मिटेपर्यंत त्या पुसत राहिल्या, म्हणजे बराच वेळ.

"डोंगरातल्या पोराला वरळी काय माहीत? त्याच्या भाषेत गणित न्यायचं तर बदलायलाच हवं. बदलू देत. पण बदललेलंही असंच फुकट ठेवायचं. आणि मूळ कुणाचं, ते खाली लिहायचं. मिळतं असं?"

"मिळतं."

"दाब."

स्वतःच्या साखरपुड्यातही मी इतका गंभीर नव्हतो.

दिवाळीनंतर जव्हारकडच्या एका शिक्षिकेने वारली बोलीतली प्रत पाठवली. कलिंगडांच्या कोंबड्या झाल्या होत्या, वरळीचा झाला होता आठवडी बाजार. गुणाजीच्या जागी जान्या. काकूंनी सगळी उदाहरणं सोडवून पाहिली.

"उत्तरं बरोबर आहेत," एवढंच म्हणाल्या.

मग शेवटच्या पानावर बोट ठेवून मोबाईल माझ्या हातात दिला. "ही खालची ओळ वाच. मोठ्याने."

"मूळ लेखन : मालन गुणाजी परब."

काकूंनी पदर सावरला.

"मधलं नीट ऐकू आलं नाही रे. परत वाच."