अर्ध्यावरची दांडी

इसोबेल हार्डकॅसलचा रोबो सकाळपासून डावीकडे ओढत होता, आणि कारण सापडल्याशिवाय ती चहालाही हात लावणार नव्हती. तिनं डाव्या-उजव्या मोटरींची अदलाबदल केली. आता रोबो उजवीकडे ओढू लागला. म्हणजे दोष मोटरीसोबत फिरत होता. भिंगाखाली धरल्यावर दिसलं, तारेच्या सोल्डरला केसाएवढी चीर होती.

"काय इझी, सापडलं का?" डेन्झिल प्रॉबर्ट टेबलाशी येऊन उभा राहिला. हातात चिप्सची पिशवी. "की टपालानं कळवतेस?"

"सापडलं."

"अरे वा! आपण एकत्र होतो तेव्हा याला दोन दिवस लागायचे."

शेजारच्या टेबलावरचे दोघं हसले. इसोबेलनं सोल्डरचं टोक पुसलं. नऊ वर्षं ती डेन्झिलच्या संघात होती. झुंजीच्या रोबोचं फिरतं पातं त्याचं, चालवायचा तो, टाळ्या त्याच्या. आतली प्रत्येक तार तिची. एप्रिलमध्ये त्यानं फोनवर चार ओळी पाठवल्या. आता वेगात काम करणारं माणूस हवंय, तुझी हत्यारं गॅरेजबाहेर ठेवली आहेत, पाऊस येण्याआधी ने. पाऊस आधी आला होता.

आज हॅलिफॅक्सच्या या क्रीडागृहात रोबो-झुंजीच्या राष्ट्रीय स्पर्धेची शेवटची एकच जागा उरली होती. अंतिम लढत त्या दोघांतच होती. इसोबेलला ती जागा हवी होती, आणि ती डेन्झिलच्या हातून जाताना बघायचीही होती. दोन्हींतलं जास्त काय हवंय, हे तिनं स्वतःला विचारलं नव्हतं.

लढतीला वीस मिनिटं उरली असताना डेन्झिलच्या टेबलावर आरडाओरडा सुरू झाला. उपांत्य लढतीत त्याच्या रोबोचा रिसीव्हर, म्हणजे रिमोटचे हुकूम झेलणारा भाग, फुटला होता. सुटा रिसीव्हर कुणाकडे आहे, म्हणून तो टेबलाटेबलावरून फिरला. इथे कुणी नाही म्हणत नाही. समोरच्याला हरवायचं असलं तरी त्याला सुटा भाग द्यायचा, हा इथला रिवाज. पण त्याच्या रिमोटला चालणारा रिसीव्हर कुणाकडेच नव्हता. एकटी इसोबेल सोडून, कारण तो रिमोट नऊ वर्षांपूर्वी तिनंच निवडला होता.

तो आला नाही. त्यानं फेनेलाला पाठवलं. फेनेला ही त्याची नवी जोडीदार, तिशीतली, वेल्डिंग करणारी, मनगटावर भाजल्याचे डाग.

"माफ करा हं," ती म्हणाली. "तुमच्याकडे मागायला मला लाज वाटते."

"घे. दोन स्क्रू आहेत सोबत. अडीच मिलिमीटरचे."

"फार चांगल्या आहात हो तुम्ही! तो तर सांगत होता..."

"काय सांगत होता?"

फेनेला लाल झाली आणि पळाली. आसपासच्यांनी मानेनंच इसोबेलला शाबासकी दिली.

इसोबेलनं आता चहा घेतला आणि समोर पाहत राहिली. डेन्झिल टाचणीनं रिसीव्हरचं बटण दाबत होता, फेनेलानं रिमोट धरला होता. रिमोट आणि रिसीव्हरची ही जोडणी नऊ वर्षं इसोबेलनं केली होती, त्यानं कधीच नाही. त्यामुळे त्याला ठाऊक नव्हतं, की जोडणीच्या क्षणी रिमोटच्या दांड्या जिथे असतील, तेच हा रिसीव्हर लक्षात ठेवतो. पुढे कधी संपर्क तुटला, की रोबोला तेच करायला लावतो. रिमोटवरची पातं फिरवायची दांडी मागच्या लढतीनंतर अर्ध्यावरच राहिली होती. पात्याची बॅटरी काढलेली, म्हणून काही हललं नाही. दिवा हिरवा झाला. मग फेनेलानं दांडी नीट खाली केली.

एक शब्द पुरला असता. टेबलं चार पावलांवर होती. इसोबेलनं चहा संपवला.

जाड प्लास्टिकच्या पिंजऱ्यात दोन्ही रोबो ठेवून दार लावलं गेलं. प्रेक्षक पाय आपटू लागले. तेव्हा इसोबेलनं हात वर केला.

"पंच, त्यांचा रिसीव्हर बदललाय. संपर्क तोडून चाचणी हवी."

म्हातारे पंच ऑल्डस भुवया उंचावून तिच्याकडे बघत राहिले. "आत्ता? टेबलावर असताना सांगायचं ना."

"नियम आहे."

"आहे खरा. डेन्झिल, रिमोट बंद कर बाबा."

डेन्झिलनं हसत रिमोट बंद केला. जागीच थांबायला हवं होतं ते पातं घरघरत फिरू लागलं. रोबो पिंजऱ्यात थरथरत उभा, आणि त्याच्यावर कुणाचाच ताबा नाही. पाय आपटणं थांबलं. डेन्झिलनं घाईघाईनं रिमोट पुन्हा चालू केला तेव्हा कुठे पातं थांबलं.

"नापास," ऑल्डस म्हणाले आणि घड्याळाला हात घातला. "दहा मिनिटं देतेस ना, इसोबेल?"

समोरच्यानं मान्य केलं तर दुरुस्तीला दहा मिनिटं मिळतात. हे विचारणं नावापुरतंच असायचं. ऑल्डसनी घड्याळ लावायला घेतलंही होतं.

"नाही," इसोबेल म्हणाली.

"काय?"

"नाही देत."

डेन्झिलनं तिच्याकडे पाहिलं. मग तो वळला, तो फेनेलाकडे.

"रिमोट कुणाच्या हातात होता? एवढी अक्कल नाही? बाईला एक रिमोट धरता येत नाही! सगळं वर्ष घालवलंस माझं!"

इसोबेलनं नऊ वर्षं ऐकलेला तोच आवाज, त्याच पट्टीत. पाचशे लोकांसमोर फेनेला भाजल्या मनगटांवर बाह्या ओढत उभी होती. दोष दांडी न बघता बटण दाबणाऱ्याचा होता, आणि हे सांगू शकेल असं क्रीडागृहात एकच माणूस होतं. ऑल्डसनी निकालाचा कागद इसोबेलकडे सरकवला; न लढताच जिंकलेल्या तिनं, त्यांनी बोट दाखवलं तिथे सही केली. हात मिळवायला त्यांनी हात पुढे केला नाही.

ती आवरत असताना फेनेला आली. डोळे सुजलेले. रिसीव्हर टेबलावर ठेवून ती तिथेच थांबली.

"तुम्ही बघत होतात. आम्ही जोडत होतो तेव्हा."

"हो."

"मला सांगायला काय हरकत होती तुमची? मी काय केलं होतं तुमचं?"

इसोबेलकडे नऊ वर्षांचं उत्तर तयार होतं, पण त्यात ही बाई कुठेच नव्हती.

"काही नाही," ती म्हणाली. तिनं रिसीव्हर उलटून पाहिला. "याचे दोन स्क्रू होते."